छाट

"मुष्टी माडी," महांतेश म्हणतो. मी मूठ आवळते.
आवळते म्हणजे मिटेल तेवढी,
सकाळी नऊपर्यंत बोटं माझं ऐकत नाहीत.
सुई आत जाते. मग तो म्हणतो, "बिडी."
सोडा, असं म्हणतोय तो कन्नडमधे. मूठ सोडा.
पण बाकावरची आई चटकन मान वर करते,
बत्तीस वर्षं तो शब्द तिच्या सुपात होता.

तीन नळ्या. जांभळं टोपण, पिवळं, लाल.
चिकटपट्टीवर: सुवर्णा तावदारे, एकोणतीस, निपाणी.
दोन बेळगावातच तपासतील,
तिसरी रात्रीच्या गाडीनं मुंबईला.
माझ्या आधी माझं रक्त
कोगनोळीचा नाका ओलांडेल,
बर्फाच्या डब्यात, कुणाला काही न सांगता.

रिपोर्ट इंग्रजीत येतो. दारावरची पाटी कन्नडमधे.
आईचा प्रश्न आपला निपाणीचा:
"वाढलंय का उतरलंय?"

ताप असता तर उत्तर होतं.
इथं एक वाढलं की वाईट,
दुसरं उतरलं की वाईट.
ईएसआर अठ्ठ्याहत्तर. आपल्याच डीएनएवर उठलेल्या अँटिबॉडी दोनशे बारा.
सी-थ्री अठ्ठेचाळीस. सी-फोर सहा.

"सहा? हजारात सहा?"
"न्हाई गं, तसं नसतंय."
"मग कसं असतंय?"

कित्तूर डॉक्टरीणबाई कागद उलटा करून चित्र काढतात.
राखणदार आहेत. ते घरच्यांनाच चोर समजलेत.
सी-थ्री, सी-फोर त्या मारामारीत खर्ची पडतात,
म्हणून रक्तात कमी सापडतात.
आई चित्राकडं बघत नाही.
म्हणते, "आमच्यात एक चेकर हुता, बाळगोंडा.
तोंड बंद, दोरा घट्ट, कशी का बिडी असंना,
दोन बोटात धरून मोडायचा.
पंचवीसच्या कट्ट्यात पाच छाट.
डोळं अधू न्हवतं त्याचं. हाताला सवय लागलेली.
आन मोडलेल्याचं पान-तंबाखू
आमच्याच मजुरीतनं कापायचा."
कित्तूरबाई हसल्या नाहीत.
"हं," म्हणाल्या, "बरंचसं तसंच."

खरं सांगते, त्या आठवड्यात मी बरी होते.
माझी वेणी मीच घातली होती.
दुपारचं ऊन टाळून, छत्री घेऊन, दळण आणलं होतं.
आणि मागच्या दिवाळीत सगळे आकडे शहाण्यासारखे ओळीत,
तेव्हा कुकरचं झाकण उघडायला
शेजारच्या पोराला हाक मारावी लागली.
मग खरं कोण बोलतंय? मी विचारलं.
"दोघंही," बाई म्हणाल्या, "पण एका वेळी नाही.
लघवीला फेस येतो का?"
मी आईकडं न बघता म्हणाले, येतो. थोडा.
त्यांनी लिहिणं थांबवलं. मग परत सुरू केलं,
अक्षर जरा लहान झालेलं.

दहाची गोळी आता तीस.
तोंड सुजेल, वाटोळं होईल,
लग्नातल्या फोटोत ओळखू येणार नाही. येऊ दे नाहीतर नको.

संकेश्वर सोडल्यावर आईनं पिशवीतनं वही काढली.
कारखान्याची, लाल पाठीची.
काम सुटल्यापासून मागची पानं कोरीच आहेत.
तिला अक्षर येत नाही, आकडे येतात,
आणि कुठला रकाना कशाचा ते बोटांना पाठ आहे.
गाडी तवंदीचा घाट उतरत होती, पेन्सिल हलत होती.
तंबाखूच्या रकान्यात तिनं लिहिलं: ३०.
छाटच्या रकान्यात: २१२.
बिडीच्या रकान्यात, जिथं रोजचा हजार यायचा,
थोडा वेळ पेन्सिल टेकवून ठेवली.
सहा लिहिलं.

"आन मजुरी?" मी विचारलं.
"ते मागनं बघू," म्हणाली,
आणि वही मिटून तिच्यावर बसली.