उणे चोवीस

तार्तूत, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही दोघं, एक हीटर
आणि उधारीवर आणलेले तीनशे काटे.
मधपेटीखाली काटा, काट्यात चिप,
चिपमधून आकडे आमच्या सर्व्हरवर:
मध किती चढला, आत ऊब किती.

हेलसिंकीच्या गुंतवणूकदारानं विचारलं,
वाढीचा आलेख कुठंय?
राइवो म्हणाला, आमचे ग्राहक एप्रिलपर्यंत झोपलेत.
साहेब हसले नाहीत.
परतीच्या बोटीत आम्ही मात्र पोट धरून हसलो,
दोघांत मिळून एकाच कॉफीचे पैसे होते, म्हणून असेल.

फेब्रुवारीत पारा उणे चोवीसवर गेला.
पहाटे तीनला काट्यांतल्या बॅटऱ्या गोठल्या,
आकडे यायचे थांबले.
जिथं आकडा नाही तिथं शून्य धर,
अशी एक ओळ मी सप्टेंबरात लिहिली होती,
घाईत, एका हातात सँडविच धरून.
तेवढ्या ओळीनं त्रेचाळीस मधपाळांना उठवलं:
तुमची पेटी मेली आहे.

बहुतेकांनी कूस बदलली.
एकानं शिवी लिहून पाठवली, ती मी जपून ठेवलीय.
पण व्हॅर्स्काच्या उर्वेबाई
झोपायच्या कपड्यांवर नवऱ्याचा कोट चढवून
गुडघाभर बर्फातून विजेरी घेऊन गेल्या
आणि झाकण उघडलं.
आत एकमेकींना बिलगून, गोळा होऊन बसलेल्या
आठ हजार माश्या जिवंत होत्या.
झाकण उघडेपर्यंत.

मार्चमध्ये राइवो टालिनच्या बँकेत लागला.
भांडण झालं नाही.
हीटर त्यानं माझ्यासाठी ठेवला.

मी बसनं व्हॅर्स्काला गेले.
माफीचं भाषण वाटभर घोकलेलं,
ते उर्वेबाईंनी फाटकातच थांबवलं. कान लाव, म्हणाल्या.
बोटाच्या पेरानं पेटीवर टकटक.
आतून एक हुंकार उठला, लगेच विरला.
"विरला तर ठीक. लांबला, तर राणी गेली समज."
पुढच्या पेटीवर टकटक.
काहीच नाही.
"मेली?" मी विचारलं.
"काय माहीत," त्या म्हणाल्या, "एप्रिलात कळेल."
झाकणाला हात लावला नाही.

निघताना वहीचं पान फाडून बिल दिलं:
एक मोहोळ, एकशे तीस युरो.
सोबत मधाची बाटली, तिचे वेगळे सात.
मी दोन हप्त्यांत फेडले.
कंपनीच्या जमाखर्चात
इतका सरळ हिशेब दुसरा नाही.

ती ओळ मी बदलली.
आता काटा गप्प झाला की पडद्यावर येतं:
माहीत नाही.
हेलसिंकीला हे पसंत नाही. कच्चं दिसतं, म्हणतात.
लिहायला एक मिनिट लागलं,
तिथवर पोचायला दोन वर्षं, एक भागीदार
आणि त्या आठ हजार.

सतरा मधपाळ उरलेत.
आज एप्रिलची चार तारीख.
उर्वेबाईंच्या त्या गप्प पेटीचा काटा
आत्ता चाळीस ग्रॅमनं हलला.
वारा असेल.
मी कुणालाही काही कळवलेलं नाही.