इतर

मिरकरवाड्याच्या उतारावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान. पाटीवर अजून लिहिलेलं आहे,
'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील',
खाली झेरॉक्स, रिचार्ज, लॅमिनेशन.
नेट काय, आता सगळ्यांकडेच आहे. पण वीस वाव पाण्यापलीकडे
नेट मरतं,
म्हणून तांडेल अजून माझ्याकडे येतात.

सोळा जीबीत आठवडाभराच्या रात्री मावतात.
कोणाला कव्वाल्या, कोणाला भजनं, कोणाला
लग्नात वाजलं होतं ते, नाव आठवत नाही, तू शोध.
मी शोधते. मत विचारलं तरच देते.
'भरती कनेक्शन'बद्दल मात्र न विचारताही देते.

चार पोरं. दुसऱ्याच्या होडीवर पाय ठेवून
गॉगल लावून शूटिंग करतात.
प्रत्येक गाण्यात पोरगी म्हणजे सुरमई, नाहीतर पापलेट.
एकात चक्क बांगडा.
गळा मशीनमधून काढलेला, शेवयांसारखा,
आणि ढोल असा की काउंटरची काच थरथरते,
कव्हरं हुकांवरून खाली पडतात.
मी सहा वर्षं गोडबोलेबाईंकडे पेटी शिकले,
मला हे ऐकवत नाही.

पण सहावं गाणं.
सहाव्या गाण्याचं मी काय करू?

त्यात मासा नाही.
कोणीतरी शेवटची एसटी चुकवून
पावसच्या स्टँडवर बसलाय
आणि घरी फोन करावा की नाही, एवढंच ठरवतोय.
दुसऱ्या कडव्यानंतर ढोल थांबतो.
का थांबतो, देव जाणे. विसरले असतील.
तिथे गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो,
मशीन लावायचं राहून गेलेला,
आणि 'फोन' हा शब्द तो किंचित खाली घेतो,
अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि पायरी नसावी, तसा.

अडीच सेकंद. मग पुन्हा धडाम धडाम.

फाइलचं नाव मी बदललंय, 'वीजबिल मार्च'.
'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलीय.
रात्री शटर अर्धं ओढून ऐकते,
एका कानाने, दुसरा रस्त्याकडे.
गोडबोलेबाई जाऊन नऊ वर्षं झाली,
तरी कोणी पाहील असं वाटतं.

जूनमध्ये तो आला. निखिलेश मयेकर, गाणारा.
गॉगल नव्हता, त्यामुळे आधी ओळखलाच नाही.
स्क्रीनगार्ड बदलायचं होतं.
मी काच पुसत होते, तो स्पीकरकडे बघत होता.
"आमची चालतात का गं ताई गाणी?"
"चालतात."
"जास्त कुठलं?"
जिभेवर आलं होतं.
"सुरमईचं," म्हटलं. "एकशेवीस रुपये."
का खोटं बोलले, अजून कळत नाही.
"हो ना," तो म्हणाला. सगळे तेच म्हणतात, म्हणाला.
पण ते 'हो ना' जरा खाली उतरलं.
आणि मी सुटे पैसे शोधत बसले,
गल्ल्यात सुटे होते तरी.

ऑगस्टात बंदी उठली.
यासीन सोलकर कार्ड घेऊन आला, डिझेलचा वास अंगाला.
"त्या भरतीवाल्या पोरांची सगळी टाक गो.
खलाशांना हवीत. मला मेलं डोकं दुखतं."
बावीस गाणी टाकली.
सहावं दोनदा.

नवव्या दिवशी ट्रॉलर लागला.
कार्ड काउंटरवर ठेवत म्हणाला,
"एक गाणं दोनदा आलंय. चुकलीस."
"चुकले."
"पोरं ते पुढे ढकलतात.
पहाटे सुकाणूवर मी एकटा असतो, तेव्हा..."
बाहेर बर्फाची लादी फोडत होते, पुढचं ऐकू आलं नाही.
"एक काढून टाकू?" मी विचारलं.
तो खिशात चिल्लर मोजत होता.
दोनदा मोजली.
"पुढच्या फेरीला बघू."