सुट्टीनंतरचं वजन

सप्टेंबरचा पहिला मंगळवार.
चौथी ‘ब’ मोजे काढून माझ्या खोलीबाहेर,
उन्हानं रापलेली, आजोळच्या बाता मारत.
एकेक जण काट्यावर चढतो, मी आकडा लिहिते
जुलैच्या आकड्याशेजारी.
बेचाळीस दिवसांत पोरं वाढलेली असतात
दोडक्याच्या वेलासारखी, कुणाला न विचारता.

नागिसा सगळ्यांत शेवटी आली.
काट्यावर पाय ठेवला तेव्हा
स्कर्टच्या खिशांत काहीतरी खणकलं.
सव्वीस किलो शंभर ग्रॅम. जुलैत सव्वीस होती.
मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं,
“मुको नदीवरचे दगड आहेत. गोळा करते मी.”

गेल्या साली मी नियमाप्रमाणे घरी चिठ्ठी धाडली होती.
दुसऱ्या सकाळी तिची आई आली, कामावरून थेट,
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ.
स्टेशनपलीकडच्या कारखान्यात ती रात्रभर डबे भरते:
भात, अंड्याची एक फोड, खारवलेलं आलुबुखार, झाकण.
पुढचा डबा.
कमरेत वाकून ती माफी मागत राहिली, माझी,
आणि ही दारात उभी,
आईच्या वाकलेल्या पाठीकडे बघत.

तेव्हापासून नागिसाचं पोट दुखतं.
साधारण दहाच्या सुमारास.
“सकाळी काय खाल्लंस?”
“सकाळी खायची मला सवय नाही.”
एखाद्या पोक्त बाईनं सांगावं
चहात साखर चालत नाही म्हणून, तसं.
दुखतं, हा शब्द इथं चालतो.
दुसरा शब्द या खोलीत
आजवर कुणी उच्चारलेला नाही. मीसुद्धा.

माझ्या खणात, बँडेजच्या डब्यामागे, भाताचे गोळे असतात.
मुख्याध्यापकांना ठाऊक नाही.
किंवा आहे.
आज एक काढला. तिनं कागद न फाडता उलगडला,
गोळा मधोमध मोडला,
अर्धा खाल्ला, शीत न् शीत.
उरलेला पुन्हा कागदात.
पहिलीच्या वर्गात कोहेइ आहे.

पण खिशात जागा नव्हती.
जरा विचार करून तिनं एक दगड काढला,
राखाडी, कबुतराच्या अंड्याएवढा,
माझ्या टेबलावर ठेवला.
“हा तुम्हाला राहू दे,” म्हणाली.

वहीतला आकडा मी खोडला नाही.
भिंतीवर महिन्याचा तक्ता लावलाय,
कडेनं कुणीतरी गाजरं रंगवलेली.
शाळेचं जेवण गुरुवारपासून.