दुसरी सही

नदीचं नाव हंबर.
पहिल्या वर्षी हसले होते मी,
म्हटलं, बरं झालं, हंबरणारं कुणीतरी आहे इथे.
आता अकरावा हिवाळा. पावणेचारला अंधारतं.
जुन्या हल गावात औषधांचं दुकान,
काउंटरमागे मी, शर्वरी,
पांढऱ्या कोटाच्या खिशात सकाळचं अर्धं केळं.

डिसेंबरात सगळं गाव खोकत येतं.
दोघीजणी रजेवर. प्रिंटर अडतो.
सांगलीत आईचं डायलिसिस, मंगळवार-शुक्रवार,
आणि फोन थरथरतो तेव्हा मी नेमकी
कुणाच्या तरी गोळ्या मोजत असते.

प्रत्येक लेबलावर दोन चौकटी.
एक भरणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची.
एकट्या माणसावर विसंबायचं नाही, असा नियम.
काल भरणारी मी होते.
पाचच्या जागी दहा लिहिलं.
कॅथने पाहिलं, बदलून घेतलं, सही केली,
"चहा टाकू?" म्हणाली.
एवढंच. कुणाचं काही बिघडलं नाही.

पण बसमध्ये सुरू झालं.
वेंधळी. बेअक्कल. लक्ष कुठे असतं तुझं.
आईला टाकून आलीस ना, मग हे तरी धड कर.
अस्खलित मराठी, व्याकरणाची एक चूक नाही.
परक्यांना धीर द्यायला मी इंग्रजी शिकले
आणि स्वतःला फोडून काढायला
आईची भाषा राखून ठेवली.

आज म्हातारे मिस्टर ॲक्रॉइड आले.
आठवड्याच्या गोळ्यांचा डबा हातातून निसटला,
सोमवार बुधवारात मिसळला, रविवार पायपुसण्याखाली.
कानापर्यंत लाल झाले,
मूर्ख म्हातारा, असं स्वतःलाच पुटपुटले.
मी गुडघ्यांवर बसून वेचायला लागले.
"असू दे, लव्ह."
असू दे मराठीतच निघालं तोंडून.
त्यांना काय कळलं कोण जाणे. मान डोलावली.

दुकान बंद करून पहिली बस जाऊ दिली.
धक्क्यापर्यंत चालत गेले.
पाणी उरलेल्या चहासारखं, ओहोटीचं.
वारा असा, की डोळ्यांतल्या पाण्याचं
कारण कुणी विचारू नये.
म्हटलं, बघू तरी.
शर्वरी, म्हटलं. हजेरी घेतल्यासारखं वाटलं.
अगं, म्हटलं.
'अगं'मध्ये थोडी जागा होती बसायला.
जेवलीस का?
नाही.
असू दे. पुढची बस सातला आहे.
घरी जाऊन भात टाक,
मेतकूट आहे अजून बरणीच्या तळाशी.

यातून काही सुटलं नाही.
उद्या शुक्रवार. तिकडे आईच्या हातात सुई,
इकडे माझ्या हातात कुणाचा तरी जानेवारी.
ते बोलणंही परत येईल, बसचा नंबर पाठ आहे त्याला.
येऊ दे.
फक्त माझ्यावर लावायला काही छापून आणलं,
तर चिकटवण्याआधी थांबायचं जरा.
दुसरी चौकट रिकामी आहे.