पान बावीस

लग्न दोन दिवसांत आटपतं.
अल्बम मात्र सहा सहा महिने
माहेरीच बसून असतो, माझ्याकडे.

दौलतगंजात, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत
कॅमेरा मी, दिवा धरणारा मी,
उधारी मागायला जाणारा मी,
आणि रात्री अकरानंतर माउस धरणाराही मीच.
एका लग्नाचे चार हजार दोनशे फोटो.
त्यात हजारभर मिटलेले डोळे,
दोनेकशे कुणा काकांची पाठ.

इंदापूरकरबाई दर सोमवारी फोन करायच्या.
आधी ग्वाल्हेरचा उकाडा, मग माझ्या आईचे गुडघे,
मग, "त्या अल्बमचं काय झालं हो?"
परवा म्हणाल्या, मुलीला पाचवा लागलाय,
आता डोहाळजेवणालाच या तो घेऊन.
रागावल्या नव्हत्या.
म्हणून जास्त लागलं.

आषाढात देव झोपले, मुहूर्त संपले,
तेव्हा मी बसलो आणि कामाला वळण लावलं.
पहिल्या फेरीत फक्त नाही म्हणायचं.
बोट एकाच कळीवर, आणि तीन सेकंदांच्या वर
कुणाकडे बघायचं नाही,
मग ती नवरी असो की नवरीची मावशी.
दुसऱ्या फेरीत तारे द्यायचे.
मग साचे.
सीमांतपूजनाचा. रुखवताचा, त्यात लाडवांना लांब आडवी चौकट.
अंतरपाटाचा, दोन बाजूंना दोघं
आणि मधली पट्टी कोरी.
कन्यादानाचे दोन केले:
एक आईवडिलांचा, एक एकट्या आईचा.
दुसऱ्याची यंदा चौथ्यांदा गरज पडली.
इंदापूरकरबाईंचं त्यातलंच.
आजवर ती जागा मी
कुठला तरी मामा ओढून भरत होतो.

सहा महिन्यांचं काम दोन रात्रींवर आलं.
कळ दाबली की पानं आपली आपण भरतात,
पंगत बसावी तशी.
जो येईल त्याला पान,
नाव-गाव कोणी विचारत नाही.

पान बावीस सूनमुखाचं.
सासू आरसा धरते, आरशात सुनेचा चेहरा,
आणि कोपऱ्यात, दर लग्नात, मी:
एक डोळा बारीक, ओठ घट्ट,
बगलेत घामाचा नकाशा.
चौदा वर्षं मी मला पुसत आलोय.
नथीला धक्का न लावता, हळूच,
माझ्यावर मागची भिंत चढवायची,
नाहीतर झेंडूची माळ थोडी लांबवायची.
पाऊण तास जायचा त्यात.
साच्याला एवढंच सांगायचं राहिलं.

दिल्लीच्या लॅबमधून छापून आला, मखमली पेटीत.
नई सडकेवर त्यांच्या घरी घेऊन गेलो.
बाईंनी चष्मा पुसला, पानं उलटत राहिल्या.
कन्यादानापाशी काही बोलल्या नाहीत,
फक्त पान उलटायला वेळ लागला.
बाविसाव्यावर मात्र बोट थेट आरशात.
"हा कोण?"
मला तेव्हाच दिसलं.
पाण्याचा पेला माझ्या हातात, तसाच.
बाई, चुकून राहिलं, नवीन छापून देतो,
एवढं वाक्य तयार होत होतं,
तोवर त्यांनी अल्बम डोळ्यांजवळ नेला.
"अहो, तुम्ही!"
मग जरा थांबून,
"त्या दिवशी तुम्ही जेवला होता ना?
इतक्या गडबडीत विचारायचंच राहिलं माझं."

हो म्हणालो.
जेवलो नव्हतो. विहीणपंगत चालू होती,
आणि हात एकच जोडी.

परत येऊन साचा उघडला.
दुरुस्ती पाच मिनिटांची.
बाविसावं पान बराच वेळ समोर ठेवलं,
तीन सेकंदांचा नियम मोडून.
मग काही न करता फाइल बंद केली.

खाली लालवानी शटर ओढत होते.
साडेनऊ.
मान वर करून त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं.
"भैया, आज बत्ती इतनी जल्दी?"