पोटखराबा

पेठ तालुका, गट नंबर एकशे बारा,
एकोणीस हेक्टर चाळीस आर.
लागवडीलायक निरंक.
बाकी सगळा पोटखराबा.

"मॅडम, पीक म्हणून काही निघायचं नाही,"
तलाठी चष्म्यावरून म्हणाले.
मी नाशकातला फ्लॅट विकून आलेले,
शेतकरी असल्याचा दाखला आईकडून मिळालेला.
सही केली.

खराबा म्हणजे ऐनांचा चढ,
हिरड्याखालचा दुपारचा काळोख,
कड्यावर गिधाडांच्या शिटेचे पांढरे ओघळ,
आणि कारवी, जी अजून तीन वर्षं फुलणार नाही.
तिला रजिस्ट्रीची तारीख कुणी कळवलीच नव्हती.

मोजणीवाला दुसऱ्या टेपाशी दमला.
पुढची हद्द येसू भोयेनं बोटानं दाखवली,
त्या सावरीपासून, झऱ्याच्या अल्याडनं,
थेट वाघदेवापर्यंत.

वाघदेव सागाच्या फळीचा.
वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, शेपूट उभारलेली.
शेंदूर ओला होता.
"हा माझ्या हद्दीत येतो का रे?"
येसूनं नकाशा घेतला, उलटा धरला,
बराच वेळ बघितला.
"त्याला इचारलं का कोणी?" म्हणाला,
आणि बिडी विझवून कानावर ठेवली.

दस्तात चतुःसीमा आल्या.
पूर्वेस दरी. पश्चिमेस नाला.
दक्षिणेस सरकारी वन.
उत्तरेस, टायपिस्टच्या चुकीनं, खरेदी घेणार स्वतः.

चूकदुरुस्तीचा कागद अजून पिशवीत आहे.
महिन्यातून एकदा पेठची एसटी धरते,
उत्तरेच्या बाजूनं चढते
आणि उभी राहते,
दस्तात लिहिलंय तिथं,
हद्दीच्या बाहेर.