नववी खुंटी

घड्याळ अकरा बेचाळीसवर थांबलं.
भिंतीवरचं नाही, पडद्याच्या कोपऱ्यातलं.
पंखे फिरत होते, दिवे लागलेले,
आणि केतकीच्या आराखड्यातला जिना
सहाव्या पायरीवर अर्धवट.
"बाबा, गोठला," ती म्हणाली.
मे महिना, धायरी, डोक्यावर पत्रा,
आणि नवाकोरा कॉम्प्युटर गोठला.

बंद केला, चालू केला.
पंखा अर्धा फेरा फिरून परत बसला,
जसा रिटायर माणूस खुर्चीतून उठता उठता
विसरतो, कशाला उठलो.

बत्तीस वर्षं भोसरीत लेथवर काढली.
मशिन अडलं की आधी ऐकायचं, मग हात लावायचा.
याला ऐकण्यासारखं काही नाही.
एक लांब शिट्टी, दोन आखूड,
तीही एकदाच, मग मौन.

रॅम काढली. एक लावली, मग दुसरी.
सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या.
बटणाएवढा सेल चहा होईपर्यंत बाहेर ठेवला.
आढावांच्या मुलाचा पॉवर सप्लाय उसना आणला,
वाटीभर साखर आणावी तसा, तितक्याच संकोचानं.
केतकी मोबाइलमध्ये बघून सांगायची,
मी करायचो.
सकाळी शहाण्यासारखा चालला,
पानं वाढली आणि पुन्हा थिजला.
गुरुवार होता. वीज गेली तेव्हा बरं वाटलं.
निदान तीन तास
दोष आमच्या घरातला नव्हता.

शनिवारी तो ॲक्टिव्हावर पायांमध्ये धरून
सिंहगड रस्त्याचा खड्डा न् खड्डा चुकवत
तपकीर गल्लीत नेला.
परदेशींनी बोर्ड बाहेर काढला,
त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला,
स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दोन पिना जुळवल्या.
चालू.
एक तास चालू. दीड तास चालू.
मधे तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, चहा येऊन गेला.
डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोराकडे बघावं
तसा मी त्याच्याकडे बघत राहिलो.
"याला काही झालेलं नाही, काका," परदेशी म्हणाले,
"धायरीची हवा सोसत नसेल."

घरी आणला, बसवला.
अकराव्या मिनिटाला थांबला.

सबमिशन मंगळवारी.
केतकी मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणून
त्याच्याच शेजारी झोपली होती.
मी सतरंजीवर, पुढ्यात सगळा पसारा.
खोक्यावर चालतो. खोक्यात चालत नाही.
हे चार वेळा पुटपुटलो.
जॉब बाहेर सरळ आणि चकमध्ये वाकडा,
तर बघायचं चककडे. हे तर मी
ॲप्रेंटिस पोरांना शिकवत आलो.

स्क्रू मोजले. आठ.
पत्र्यावरच्या पितळी खुंट्या मोजल्या.
नऊ.
पुन्हा मोजल्या.

नववीच्या डोक्यावर बोर्डाला भोकच नव्हतं.
पाठीमागच्या टाक्यांना ती टेकत होती
केसभर. कधी टेकायची, कधी नाही.
कारखान्यात असली चूक मी अंगठ्यानं ओळखायचो.

ती मीच बसवली होती.
पिशवीत एक उरली होती, पत्र्याला एक भोक मोकळं,
आणि मला मोकळं भोक बघवत नाही.
पान्यानं आवळली, वर पाव फेरा जास्तच.
भोसरीत अशा पाव फेऱ्यावर
साहेब पाठ थोपटायचे.

पक्कडीनं काढली तेव्हा
पितळेवर माझ्याच पान्याचे ओरखडे.

सकाळी जिना सातव्या पायरीवर गेला,
आठव्या, मग वळण घेऊन पार गच्चीपर्यंत.
उन्हाची सावलीसुद्धा पडली त्याच्यावर.
केतकी दात घासत उभी होती, तोंडात फेस.
"काय होतं?"
"एक खुंटी जास्त."
"कुणी लावली?"

पंख्याचा आवाज एकसुरी, छान येत होता.
"मी," म्हटलं,
आणि बाजूचं झाकण लावायला घेतलं.
आत ते एक भोक मोकळंच.
नीट बघून घेतलं.
मग स्क्रू आवळले, बेतानं.